दगड इथेच होता

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर थोरल्याचं बोलणं ऐकू येईल, कारण त्याचा आवाज करवतीवर चढलेला. पण आत्याचं ऐकू येणार नाही, आणि आजची सगळी कथा आत्याच्या बोलण्यात आहे. टाळ थांबल्यावर क्षणभर जी शांतता पडते ना, तेवढी मला द्या. त्या बदल्यात मी जे सांगेन त्याने घरी परतताना, आपल्याच अंगणात पाऊल टाकायच्या आधी, तुम्ही खाली बघाल. घाबरू मात्र नका. देवाच्या राज्यात माया जिवंत माणसाबरोबर संपत नाही, एवढंच यात आहे.

तर त्या रविवारी सकाळी नऊ वाजता, धुकं अजून उठलेलं नव्हतं, आणि घराच्या मागच्या ओट्यावर दोघे भाऊ एका कागदावरून भांडत होते. कागद थोरल्याने काढलेला. त्यावर चौकोन, चौकोनाला चार खांब.

"चाळीस फुटांची शेड?" मास्तर म्हणाला. तो धाकटा, पहिल्या गाडीने आला होता आणि चपला काढायच्या आधी बोलायला लागला होता. "दादा, तुला काय जहाज बांधायचंय?"

"तुझ्यासाठी फळा करणार आहे. लांबच लांब. तोंड मिटून त्यावर लिहीत बस."

"जागा दोघांची आहे, एवढंच म्हणतो."

"जागा दोघांची, आणि महिनाअखेर रस्त्यावर यायचं मी एकट्याने, हो ना?"

हे खरं होतं. थोरला सुतार. बाजारातल्या त्याच्या दुकानाच्या मालकाने जागा परत मागितली होती, आणि रंधे, करवती, लाकूड कापायचं ते भलंमोठं यंत्र हे सगळं कुठेतरी आणून टाकणं भाग होतं. मोकळी जागा म्हणाल तर एकच. मागच्या अंगणापासून तेवीस नंबरच्या दगडापर्यंतचा, चाळीस पावलांचा गवताळ पट्टा.

तो दगड म्हणजे हद्दीचा दगड. त्याच्या पलीकडे चांदमारीचं मैदान. लष्कराने तिथे कैक वर्षं तोफांचा सराव केला, आणि एक दिवस ते गाशा गुंडाळून निघून गेलं. मैदानाभोवती आकडे कोरलेले दगड तेवढे उरले. या भावांचे आजोबा, म्हणजे आबा, त्या दगडांचे मुकादम होते. दगडांना दरवर्षी चुना लावायचा, आकडा काळ्या रंगाने उठवायचा, ही त्यांची नोकरी. नोकरी गेली तरी घराने आपल्यापुरता तेवीस नंबरचा चुना चालूच ठेवला होता.

आता सरकार मैदान मोकळं करणार होतं. उद्यापासून गोळे काढणारं पथक दगडांच्या आतली जमीन वीत वीत तपासणार, न फुटलेले गोळे काढणार. दगडांच्या बाहेरची जमीन ज्याची त्याला, तिला कोणी हात लावणार नाही. जुना नकाशा वाळवीने खाल्ला होता, तेव्हा पुरावा म्हणजे दगड, आणि दगड आपल्या जागी आहे हे सांगणारं घरातलं एक जाणतं माणूस. आज दहा वाजता मोजणीवाल्या बाई येणार, आत्या सही करणार, आणि उद्या सकाळी थोरला खांबांचे खड्डे खणणार. इतकं सरळ.

"तिथे कुदळ चालत नाही," आत्या म्हणाली.

ती आत खिडकीशी शिवणयंत्रावर होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, पण सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवायची. यंत्र थांबवलं नव्हतं, मान वर केली नव्हती.

"आलं!" थोरल्याने कागद आपटला. "लहानपणापासून ऐकतोय. त्या पट्ट्यात कुदळ चालत नाही, झाड लावायचं नाही, पळायचं नाही. का, ते एकदा सांगून टाक."

"आबांनी सांगितलंय."

"आबांना जाऊन तीस वर्षं झाली, आत्या," मास्तर मऊपणे म्हणाला. घटकेपूर्वी भांडणारे दोघे आता एका बाजूला झाले होते. "ते जुन्या काळचं माणूस. तू फक्त सही कर. बाकीचं आम्ही दोघं बघून घेऊ."

यंत्राचं चाक थांबलं. आत्याने दोरा दाताने तोडला.

हे सगळं सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. थोरल्याची सून, दवाखान्यात परिचारिका, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. नवरा मालगाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. माणूस दुखणं लपवतो तेव्हा त्याच्या हातांकडे बघायचं हे ती दवाखान्यात शिकली होती. आत्याने शिवलेला कपडा पुन्हा उसवायला घेतला होता. चांगली शिवण होती.

"आत्याबाई, चहा टाकू?" तिने विचारलं.

"टाक. आणि तूही ये आज दगडाशी. शेवटी तू चाल."

*

या घराची एक रीत होती, तिला शेजारीपाजारी हसायचे. दगडाशी जायचं तर एकामागे एक जायचं, आणि पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. पट्ट्याच्या गवतात ती पावलं झिजून झिजून उघडी पडली होती: बशीएवढे मातीचे डाग, मधे गुडघाभर गवत. शेवटच्या माणसाने चालताना मोठ्याने म्हणायचं, "मागे कोणी नाही." मुलांना तो खेळ वाटायचा. सूनबाईला पहिल्या वर्षी हसू आवरलं नव्हतं; त्यात तिची उंची बेताची, आणि डाग इतके लांब लांब की तिला चक्क उड्या मारत जावं लागे.

मोजणीवाल्या बाई बरोबर दहाला आल्या. खांद्यावर मोजपट्टी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, बोलणं मोजूनमापून. त्यांना रीत सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. या मैदानाच्या कडेने आठ दिवस हिंडल्यावर माणूस कशालाच हसत नाही.

पुढे आत्या. तिच्यामागे थोरला, मास्तर, मोजणीवाल्या बाई, शेवटी सूनबाई. धुकं इतकं की पहिल्याला शेवटचं माणूस दिसेना. मास्तर पुटपुटला, "वर्गातली पोरंसुद्धा इतक्या ओळीत चालत नाहीत."

"तुमचे आजोबा चांगलेच उंच असणार," बाई म्हणाल्या. "ही ढांग माझ्या भावाच्या ढांगेएवढी आहे, आणि तो सहा फूट आहे."

"आबा?" थोरला हसला. "माझ्या खांद्याला लागायचे. त्यांना घोड्यावर बसवायला तिघं लागत."

"मग वाट कोणी पाडली?"

थोरला खाली डागांकडे बघू लागला. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता. पुढे आत्याची पाठ थांबली नाही.

मागे सूनबाई उडी मारून पुढच्या डागावर आली. आणि तिला ऐकू आलं. ती ज्या डागावरून निघाली त्या डागावर काहीतरी टेकलं. फार जड नाही. अनवाणी पाऊल ओल्या मातीवर टेकतं तसं. ती पुढे गेली. तेही पुढे आलं. ती थांबली, तेही थांबलं. तिने मान वळवली. धुकं, आणि जिथून ती आली त्या डागाभोवतीचं गवत हळूच डुलत होतं, कोणीतरी तोल सावरत उभं असावं तसं.

"मागे?" धुक्याच्या पुढच्या टोकाकडून आत्याचा आवाज आला. "सूनबाई, मागे?"

म्हणायचे शब्द ठरलेले होते. सूनबाईच्या तोंडून ते निघेनात.

"आत्याबाई… आहे. कोणीतरी आहे."

सगळी ओळ थांबली. मास्तर म्हणाला, "काहीतरीच!" पण हळू.

"लांब आहे की जवळ?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, हे सूनबाईला भीतीपेक्षा वाईट वाटलं.

"जवळ. माझ्या पावलात पाऊल टाकतंय."

"डागावरच टाकतोय ना? बाहेर नाही?"

"डागावरच."

"मग चाल बाळ. मग काही नाही. चल."

*

दगड कमरेएवढा, ताज्या चुन्याने धुक्यातही पांढराफटक. मोजणीवाल्या बाईंनी त्याला एक चक्कर मारली. मग दुसरी. मग त्या मैदानाच्या बाजूला उभ्या राहून आकड्याकडे बघत राहिल्या.

"हा आकडा तुम्ही कसा रंगवता?"

"कसा म्हणजे? पलीकडे जाऊन, वाकून," थोरला म्हणाला. "आबा तसंच करायचे."

"आठ दिवसांत मी बावीस दगड बघितले. बाविसांचा आकडा बाहेरच्या बाजूला आहे. बाहेरून येणाऱ्याने वाचावा आणि थांबावं, म्हणून तर तो कोरायचा. हा एकटाच आत तोंड करून उभा आहे."

"रंगवताना फिरला असेल."

"दीड हात जमिनीत असतो हो. रंगवताना फिरत नाही." त्यांनी कागद आणि पेन काढलं. मग आत्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "आजी, मला लिहायचं एकच वाक्य आहे. तुम्ही सांगाल तसं. तुमच्या आठवणीत हा दगड कुठे होता? इथेच होता?"

आता आत्याच्या मनात काय झालं ते ऐका. तिला प्रश्न आजचा वाटलाच नाही. ती सहा वर्षांची होती, कोणाच्या तरी खांद्यावर बसली होती, तिथून दोन गायी छोट्या दिसत होत्या, आणि हाच प्रश्न खालून वर आला होता. त्या वेळी तिने पटकन उत्तर दिलं होतं. पाठ केलेलं उत्तर पटकनच येतं.

"नाही," आत्या म्हणाली. "इथे नव्हता. तिथे होता. आपल्या कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी."

"आत्या!" दोघे भाऊ एकदम.

"मला बोलू दे रे. अडुसष्ट वर्षं गप्प आहे, आता अर्धा तास तुम्ही राहा." तिने दगडावर हात ठेवला. "दोन गायी होत्या. चारा पुरत नव्हता. एका दुपारी, इथे सराव बंद होता त्या आठवड्यात, आबांनी पहारीने दगड उपसला, ओंडक्यांवर घातला, गाय जुंपून इथे आणला. घाईत उलटा रोवला. मला रस्त्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. आणि सांगितलं, कोणीही विचारलं तरी म्हणायचं, दगड इथेच होता. कोणीही. शिपाई, असं नाही सांगितलं. कोणीही."

"लंबूकाका तेव्हा वीटभट्टीवर कामाला होते ना?" मास्तरने विचारलं. लंबूकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. घर सोडून पळून गेले, बंदरावर जहाजावर चढले, अशी घरातली हकिगत.

"चार महिन्यांनी परत आला. एकोणीस वर्षांचा. दारातच घटाघटा पाणी प्याला, मला खांद्यावर घेतलं आणि मागे आला. म्हणाला, 'काय गं चिमणे, दगड पुढे सरकल्यासारखा वाटतो. इथेच होता?'"

आत्याने बोटांचा चुना पदराला पुसला.

"मी म्हटलं, इथेच होता. मग त्याने मला खाली उतरवलं. गालगुच्चा घेतला. विळा घेतला नि म्हणाला, आज गायींची चंगळ." आत्याचा आवाज सपाट होता, मापं सांगताना असतो तसा. "सराव पुन्हा सुरू झाला होता. दिवसभर आवाज व्हायचेच. त्यातला एक जास्तीचा कोणाला कळणार? आबांनी सापडलं तेवढं चादरीत बांधलं, आणि या दगडाच्या बुडाशी ठेवलं. लष्कराला सांगावं तर दगड सरकवल्याचं बाहेर येणार. माझ्या आजीला, म्हणजे त्याच्या आईला सांगितलं, तो जहाजावर गेला. ती मरेपर्यंत रोज टपालवाल्याला पाणी द्यायची."

"आणि वाट?" मोजणीवाल्या बाईंनी विचारलं. हे त्यांच्या कागदात बसणारं नव्हतं, तरी विचारलं.

"वाट आबांनी नाही पाडली. आठ दिवसांनी गवतात पावलं दिसली. लांब लांब. दुसऱ्या दिवशी आणखी दाबलेली. आबा बसून बघत राहिले, मग उठले आणि त्याच पावलांवरून चालले. आम्हालाही तसंच शिकवलं."

मास्तर भानावर आला. त्याचा चेहरा वर्गातला झाला. "बाई, माफ करा. आमच्या आत्याचं वय झालंय. धुकं, दमणूक, त्यात या सूनबाईने मघाशी ते भलतंच काढलं. तिच्या बोलण्यावर सरकारी कागद नको. घरातल्या दुसऱ्या कोणाची सही चालते ना?"

"कोणाही एका सज्ञान माणसाची."

"मग दादा करेल."

"मास्तरकाका," सूनबाई म्हणाली, "मी ऐकलं ते ऐकलं. आत्याबाईंना ताप नाही, भ्रम नाही. नाडी बघून सांगू?"

"तू मधे पडू नकोस."

पेन थोरल्याच्या हातात आलं. सुताराच्या हातात ते काडीएवढं दिसत होतं. त्याला शेड दिसत होती. चार खांब, वरून येणारा उजेड, भुशाचा वास, स्वतःचं दार. एका सहीची गोष्ट होती. महिनाअखेर जवळ आली होती. आणि या जगात त्याला सगळ्यात जास्त राग त्या क्षणी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा आला होता, जिने त्याला लहानपणी भरवलं होतं.

"आत्या, काल मी या पट्ट्यात चार खुंट्या ठोकल्या," तो म्हणाला. "हातोड्याने. वाटेवर नव्हत्या, गवतात होत्या. तू खिडकीत बसली होतीस."

"होय."

"बघत होतीस."

"दर ठोक्याला बोलणार होते रे. दर ठोक्याला."

"आणि उद्या मी कुदळ घातली असती."

"उद्या मी त्या खड्ड्यात आधी येऊन बसले असते. एवढं ठरवलं होतं. बोलायचं मात्र ठरत नव्हतं."

थोरल्याने नाक ओढलं. मास्तर हळूच म्हणाला, "दादा, तीन मिनिटांचं काम. मग पथकाला आपण खाजगीत सांगू, पट्टाही बघून घ्या म्हणून."

"खाजगीत?" थोरला त्याच्याकडे वळला. "आपल्या घरात अडुसष्ट वर्षं सगळं खाजगीतच चाललंय. आता पुरे." त्याने कागद दगडावर ठेवला आणि आपल्या बाळबोध, लाकडावर माप लिहितात तसल्या अक्षरात लिहिलं: हा दगड आमच्या आजोबांनी सरकवलेला आहे. मूळ जागा घराकडे चाळीस पावलं. खाली सही. चुना ओला होता. कागदाच्या मागे पांढरं उठलं.

"गेली शेड," मास्तर म्हणाला.

"गेली."

"घरसुद्धा मोजतील आता."

"मोजू देत."

*

घर वाचलं, दोरीपासून सहा हात अलीकडे होतं. पट्टा गेला. पथकाने तो गुडघ्यांवर रांगत तपासला, अकरा दिवस. नऊ गोळे निघाले. त्यातला एक थोरल्याच्या तिसऱ्या खुंटीपासून हातभर. पथकाची प्रमुख, तोंडावर जाड काच लावलेली एक बाई, शेवटच्या दिवशी ओट्यावर येऊन पाणी प्याली आणि म्हणाली, "ती वाट तुमच्यातल्या कोणी आखली हो? आमच्याकडे यंत्र आहे. यंत्र घेऊनही मी याहून चांगली आखली नसती." सूनबाईने पेला परत घेतला.

दगडाच्या बुडाशी चादर उरली नव्हती. चार बटणं निघाली, आणि थोडंसं जे निघालं ते आत्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या कापडात शिवून घेतलं, बारीक टाक्यांनी. आपापल्या परीने जी प्रार्थना येते ती सगळ्यांनी केली. मास्तर आला. शेवटी उभा राहिला, पण आला. जाताना थोरल्याला म्हणाला, "यंत्र ठेवायला माझी बैठकीची खोली आहे." थोरला म्हणाला, "तुझ्या बायकोला आधी विचार, मग दानशूर हो." यंत्र अखेर घरातच, पुढच्या खोलीत आलं. आता भातात भुसा येतो, आणि सूनबाई दिवसातून तीनदा झाडू मारते नि तीनदा सासऱ्यांना ऐकवते.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे, ते ऐकून जा. या घराच्या वंशावळीत एका जागी अडुसष्ट वर्षं 'परागंदा' असं लिहिलेलं होतं. आत्याने ते खोडलं, पण खोडलेलं फक्त त्या कागदावर. ज्यांनी ज्यांनी ती हकिगत ऐकली, पुढे सांगितली, त्यांच्या मनात तो पळपुटाच राहिला असेल. म्हणून तुम्हाला सांगतो. देवापुढे दोन हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागून झालं की घटकाभर त्या एकोणीस वर्षांच्या उंच पोराची आठवण काढा. तो कुठे पळून गेला नव्हता. भावाच्या गायींसाठी गवत आणायला गेला होता.